बारीक न होणारी अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना टाईप आहे. छापखान्यात अक्षरांच्या संचाला टाईप म्हणतात. एकाच हाताने घडवलेली, एकाच चेहरेपट्टीची सगळी अक्षरे, त्यांचे काने, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार मिळून मी होतो. म्हणून मी एकटा असूनही माझे कुटुंब मोठे आहे. माझे नाव सनई. हे नाव मी स्वतः घेतलेले नाही, सांगलीच्या छापखान्यातल्या कामगारांनी ते ठेवले. सनई सरळ नळीसारखी येते आणि तोंडाशी फाकते, तशी माझी प्रत्येक रेघ मधे सडपातळ असते आणि टोकाशी रुंद होते. माझा काना खाली उतरतो तो पाय रोवूनच थांबतो.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी ताठ आहे. मला मोठे छापले तर मी रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो आणि ओरडल्यासारखाही वाटत नाही. पण मला बारीक केले की माझी फाकलेली टोके एकमेकांना चिकटतात, अक्षरांच्या पोटातली जागा बुजते आणि माझे नुसते डाग उरतात. बारीक होणे मला जमत नाही. पुष्कळांनी प्रयत्न करून पाहिला आहे.

माझा जन्म मिरजेचा. सतारी घडवणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीर उस्ताद नावाचे कारागीर होते. सांगलीच्या सोपानरावांचा छापखाना होता. यात्रेच्या पोस्टरांसाठी त्यांना मोठी अक्षरे हवी होती. एवढी मोठी अक्षरे शिशाची केली तर ती उचलता उचलता कामगारांची कंबर गेली असती, म्हणून त्यांनी उस्तादांना ती लाकडात कोरायला सांगितली. उस्तादांनी सतारीच्या लाकडाच्या उरलेल्या फळ्या घेतल्या आणि पहिला संच सरळ टोकांचा कोरला. तो मी नव्हे. त्या अक्षरांत छापलेले पोस्टर भिंतीवर डकवून दोघेही रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. उस्तादांनी मान हलवली.

“लांबनं बघा, सोपानराव. रेघांची टोकं उंदरानं कुरतडल्यागत दिसत्यात. शेवटाला जरा अंग दिलं पायजे.”

आणि त्यांनी तो सगळा संच बाजूला सारून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. त्या दुसऱ्या खेपेला जन्मलो तो मी. छापायची अक्षरे उलटी कोरावी लागतात. त्यामुळे हा जन्मतःच तोंड फिरवून बसलाय, अशी उस्ताद माझी चेष्टा करत. कागदावर उतरलो की मात्र मी सुलटा होई.

मग मी कामाला जुंपलो. नाटकाच्या जाहिराती, हळदीच्या पोत्यांवरचे व्यापाऱ्याचे नाव, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक, महाबळेश्वरच्या एका हॉटेलचे पोस्टर, असा मी सातारा-सांगलीभर हिंडलो. पण माझा जीव रमला तो कुस्तीच्या पोस्टरात. आमच्या भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच, आणि मैदान म्हटले की पोस्टरच्या माथ्यावर ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ हे शब्द आलेच. ते मी किती वेळा छापले असतील त्याला मोजदाद नाही. एस.टी. थांब्याला लागायच्या आत लोक खिडकीतून मला वाचून घेत आणि यंदा जोड कोणाकोणाची यावर गाडीतच वाद सुरू होई. सोपानराव खुशीत म्हणत, “सनई लावली की पोस्टर वाजतं.” ते ऐकून मी फुगून जात असे.

निकाली हा शब्द जरा नीट समजून घ्या, कारण माझी गोष्ट त्याच्यावरच आहे. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत आणि घड्याळ बघत नाहीत. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत लढायचे. दुसरी असते प्रेक्षणीय कुस्ती. ती बघायला बरी म्हणून लावतात. थोडा वेळ झाला की पंच दोघांचे हात वर करतात आणि बरोबरीत सोडवतात. पोस्टरवर जे छापले ते मैदानात पाळायचे, असा रिवाज मी पाहत आलो. जोड पोस्टरवर आली की ती कमिटीने दिलेली जबान झाली. पहिल्या नंबरच्या जोडीची नावे सर्वांत मोठी, मग दुसऱ्या नंबरची, असे उतरत जायचे. ज्यांना नाव मिळाले नाही त्यांच्यासाठी तळाला एक ओळ असे, ‘इतर चटकदार कुस्त्या होतील.’

पुढे दिवस फिरले. आधी ऑफसेट आले, मग फ्लेक्स आले. सोपानराव गेले, छापखाना मोडीत निघाला आणि मला पेट्यांत भरून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर टाकले. ते वर्कशॉप त्यांच्या मुलाचे. थंडीच्या दिवसांत तिथे शेकोटी लागे. माझे दोन औ गेले, एक ठ गेला. “ठ कितीदा लागतोय?” असे कोणीतरी म्हणाले तेव्हा माझ्या मनाला फार लागले. अहो, ठ नसेल तर पाठ कशी छापणार आणि पाठ नसेल तर कुस्ती कसली?

मला वाचवले साक्षीने. ती सोपानरावांची नात. कुपवाडलाच तिचे फ्लेक्स आणि स्टिकरचे दुकान आहे. एक दिवस ती माळ्यावर जुना पत्रा शोधायला चढली आणि पत्रा सोडून माझी पेटी घेऊन उतरली. तिने माझ्या एकेका अक्षराला शाई लावून कागदावर ठसा घेतला, त्याचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर रेघ न् रेघ आखून काढली. गेलेला ठ तिने ट कडे बघून नव्याने काढला. काम सोपे नव्हते. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती माझ्यापुढे बसे आणि एखादे टोक जमेना की स्वतःवरच चिडे, पण सोडून देत नसे. शेवटी मी तयार झालो. आता कळ दाबली की मी हजर.

नव्या जन्मात माझे हाल मात्र झाले. गिऱ्हाइकांना मी आवडे, पण मला वागवायचे कसे ते कोणाला ठाऊक नव्हते. एकाने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मला दोन्ही बाजूंनी ओढून रुंद केले, वर सोन्याचा मुलामा दिला आणि भोवती ज्वाळा लावल्या. एका दवाखान्याने गोळ्या कधी घ्यायच्या त्या सूचना माझ्यात बारीक छापून घेतल्या. रोग्यांनी त्या उलट्यासुलट्या धरून पाहिल्या आणि शेवटी शेजाऱ्याला विचारले. एकाने फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ लिहिले. त्यात मी इतका भारदस्त दिसलो की ते कुत्रे गावचे सरपंच वाटू लागले. माझ्यात चारच शब्द लिहावेत, मोठे लिहावेत आणि भोवती मोकळी जागा सोडावी, हे साक्षी सगळ्यांना सांगत असे. लोक मान हलवत आणि पुन्हा मला ओढत.

अशात यंदा जत रस्त्यावरच्या एका गावच्या यात्रा कमिटीने साक्षीला पोस्टरचे काम दिले. कमिटीचे अध्यक्ष धैर्यशील. ते फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. गावच्या जुन्या पैलवानांनी बैठकीत आग्रह धरला होता की यंदाचे पोस्टर पूर्वीसारखे हवे, आणि तसा ठराव झाला होता. सगळे पोस्टर सनईत. ते ऐकून मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले.

नमुना पास करायला सुभेदार दुकानात आले. साक्षीने पोस्टर पडद्यावर आणले. माथ्यावर निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान, खाली पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या जोड्या, मग कमिटीच्या सभासदांच्या फोटोंची रांग आणि त्यात मधोमध वर्दीतले सुभेदार. तळाला एक ओळ होती, ‘तसेच महिलांच्या प्रेक्षणीय कुस्त्या होतील.’

एवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तिच्या मागे खांद्यावर घोंगडे टाकलेला एक माणूस होता. ती त्याच गावची क्रांती कोळेकर, सांगलीच्या तालमीत सराव करणारी पैलवान. मागचा माणूस तिचा बाप बिराप्पा, मेंढरे राखणारा. पोस्टर आज पास होणार हे कळल्यावर दोघे तडक आले होते. क्रांतीने पडद्यावरचे पोस्टर वरून खालपर्यंत वाचले.

“माझं नाव कुठं हाय?”

“हाय की. महिलांच्या कुस्त्या म्हनलंय न्हवं? त्यात तू आलीसच,” सुभेदार म्हणाले.

“त्यात समद्याच आल्या. मी कुठं हाय? आनि प्रेक्षणीय न्हाई, सुभेदार. निकाली लिवा.”

“पोरी, टाइमिंग बघावं लागतं. पैल्या नंबरची कुस्ती दिवस बुडायच्या आत लागली पायजे. तुमची निकाली ठिवली आनि लांबली, तर लोक मला दगडं मारतील.”

“गेल्या साली तुमीच टाइम झाला म्हनलासा. मी वर हुते. ती खाली हुती. तुमी दोघींचं हात वर केलंसा. तवापास्नं गावात समदी इच्यारत्यात, जिंकलीस का हरलीस? काय सांगू मी?”

मग बिराप्पा बोलला. “मेंढरं घिऊन कर्नाटकात गेलो, तर तिथं बी इच्यारलं. म्हनलो, बरोबरीत सुटली. तर हसाय लागले. म्हनले, मंजी पोरगी खेळली का नाचली? लय लागलं वो जिवाला.”

मलाही वाईट वाटले. एवढा घाम गाळायचा आणि शेवटी जिंकले नाही, हरलेही नाही, तर मग केले काय? क्रांतीला जिंकल्याचे बक्षीस नको होते. तिला निकाल हवा होता, आणि तो मिळायचा तर पोस्टरवर तिचे नाव आणि निकाली हा शब्द आधी यायला हवा होता. नाव आले नाही तर ऐनवेळी तिची कुस्ती कोणीही गुंडाळू शकत होते.

“बरं, नाव टाक हिचं,” सुभेदार साक्षीला म्हणाले. “तळाला बारीक टाक. विषय संपला.”

साक्षीने तळाच्या ओळीत नाव टाकले आणि ते मावावे म्हणून सगळी ओळ बारीक केली. मी आक्रसलो. माझी टोके एकमेकांत घुसली, क्रांतीमधला क्र काळा ठिपका झाला आणि कोळेकरमधल्या ळ ची दोन्ही पोटे बुजली. सुभेदारांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. साक्षीने नमुना त्यांच्या मोबाईलवर पाठवला, कारण हल्ली पोस्टर भिंतीपेक्षा मोबाईलवरच जास्त फिरते.

“ह्या तर मुंग्या चालल्यात,” सुभेदार म्हणाले. “ही ओळ दुसऱ्या कुठल्या अक्षरात घे.”

साक्षीने तसेही करून दाखवले. खोकल्याच्या बाटलीवरची सूचना चुकून पोस्टरवर आल्यासारखी ती ओळ दिसू लागली.

“काका, तुमचा ठराव काय आहे?” साक्षीने विचारले. “सगळं पोस्टर सनईत.”

सुभेदारांचे सगळे आयुष्य हुकूम पाळण्यात गेले होते. “ठराव मंजी ठराव,” ते म्हणाले. “सनईच पायजे.”

“मग नाव मोठं लिहावं लागणार. ह्या अक्षराला बारीक होता येत नाही.”

मित्रांनो, मी मुद्दाम काही केले नव्हते. माझा स्वभावच तसा. पण हटून बसायचे ठरवले असते तरी त्या दिवशी मी तेच केले असते. आयुष्यभर लोकांनी ज्याला माझी खोड म्हटले, ती आज एका मुलीच्या कामाला येत होती आणि मला मनापासून आनंद झाला.

“मोठं लिवायचं तर जागा कुठं हाय?” सुभेदारांनी विचारले. सगळे पडद्यावरच्या फोटोंच्या रांगेकडे बघत होते. सुभेदारही बघत होते.

“निकाली लिवलं की माघार न्हाई, पोरी,” ते क्रांतीला म्हणाले. “पडलीस तर पडलीस. मग माझ्याकडं रडत यायचं न्हाई.”

“पडले तर पडली म्हनतील. काय तरी एक म्हनतील न्हवं? तेच पायजे मला.”

सुभेदार साक्षीकडे वळले. “फोटो काढ.”

साक्षीने मोबाईल उचलून त्यांच्यापुढे धरला.

“अगं, तसा न्हवं! पोस्टरवरचे काढून टाक. समद्यांचे. पैला माझा. आनि कुनी बोंब मारली तर त्याला माझ्याकडं लावून दे.”

फोटो गेले आणि पोस्टरला श्वास घ्यायला जागा झाली. त्या जागेत साक्षीने मला मांडले. निकाली कुस्ती, क्रांती कोळेकर विरुद्ध अंकिता थोरात. अंकिता मलकापूरच्या तालमीची; सुभेदारांनी दुकानातूनच फोन लावला तेव्हा तीही निकालीला तयार झाली. क्र ची तिरकी रेघ टोकाशी फाकून उभी राहिली, ळ दोन्ही पोटे उघडी ठेवून बसला, आणि निकालीतल्या शेवटच्या वेलांटीला साक्षीने जरासुद्धा ओढले नाही. क्रांतीने बापाला एकेक अक्षर वाचून दाखवले. बिराप्पाला वाचता येत नाही, पण तो पडद्यापासून मागे मागे सरकत दुकानाच्या बाहेर गेला आणि तिथून म्हणाला, “हितनं बी दिसतंय गं!”

मैदानाच्या दिवशी मी आखाड्यालगत दोन बांबूंना ताणलेल्या फ्लेक्सवर होतो. हलगी कडकडत होती. क्रांती आणि अंकिता मातीत उतरल्या आणि एकमेकींना भिडल्या. दोघीही तोडीस तोड. क्रांतीने अंकिताला दोनदा खाली घेतले, दोन्ही वेळा अंकिता निसटली. कुस्ती लांबली. ऊन उतरले, तसा मागून गलका सुरू झाला. पहिल्या नंबरचे पैलवान अंग गरम करून थांबले होते. “सोडवा! बरोबरीत सोडवा!” लोक ओरडू लागले. कमिटीतला एक जण दोघींचे हात वर करायला आखाड्यात शिरलासुद्धा.

क्रांतीने तेवढ्यातही मान वळवून सुभेदारांकडे बघितले. सुभेदारांनी निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

“त्यानं भायेर यावं. पोस्टर वाचा रं. काय लिवलंय? निकाली! ज्याला घाई असंल त्यानं घरी जावं. निकाल लागल्याबिगर मी ही कुस्ती सोडवणार न्हाई.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मागे झाडावर बसलेल्यांनीसुद्धा मला वाचले असेल, कारण गलका हळूहळू थांबला. हलगी पुन्हा चढली.

क्रांतीने पुढे झेप घेतली. ती अंकिताला उचलायला वाकली आणि नेमकी तिथेच सापडली. अंकिताने तिची मान दाबून तिला कमरेवर घेतले आणि फिरवून मातीत टाकले. क्रांतीची पाठ लागली. पूर्ण लागली, कोणालाही शंका राहू नये अशी लागली. पंचाने अंकिताचा हात वर केला.

मला रडू आले असते, पण फ्लेक्सवरच्या अक्षराला ते जमत नाही. बिराप्पा फेटा सावरत धावत आला. “रडू नगंस, बाय.”

“रडत न्हाई, आप्पा. माती गेलीया डोळ्यांत.” ती उठली, अंकिताकडे गेली आणि तिच्या हाताला हात लावून तो आणखी वर केला. टाळ्या पडल्या. मग ती सुभेदारांपुढे आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, “पुढल्या साली हीच जोड लावा. निकालीच.”

यात्रा उठल्यावर फ्लेक्स कोणालाच नको असतात. बिराप्पाने मला मागून घेतले आणि रस्त्याकडेच्या शेतात कोकरांसाठी बांधलेल्या खोप्यावर ताणले. फ्लेक्सची छापलेली बाजू सहसा आत घालतात. क्रांतीने ती बाहेर ठेवायला लावली. रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला गाडी थांबवून हसला.

“हरल्याली कुस्ती कशाला मिरवतीस गं?”

क्रांती कोकरांना पाला टाकत होती. “व्हय, हरले,” ती ताठ मानेने म्हणाली. “निकालीत हरले. दुसरं काय इच्यारायचं हाय?”

दूधवाल्याने मला पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचले आणि तो गाडी सुरू करून गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या पोस्टर काढील, कोणी शाळेचा फलक रंगवील. मला ओढू नका, माझ्यावर मुलामा चढवू नका, माळ्यावरची माझी भावंडे शेकोटीत घालू नका. मोठ्या अक्षरांत जे लिहाल ते लोकांनी ओरडा केला तरी पाळा. आणि कष्ट करणाऱ्या कोणाचे नाव लिहायची वेळ आली, तर ते रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढे लिहा. जागा पुरली नाही, तर आधी आपला फोटो काढून टाका.